४४४५०५ : एका खाजगी टपालवाल्याचा दिवस

पहाटे साडेपाच

श्रावणातली झड रात्रभर लागून राहिली आहे. अकोल्याहून निघालेली पिकअप पातूर, मेडशी, मालेगाव करत वाशिमच्या अकोला नाक्यावर येते आणि दोनदा हॉर्न देते. ड्रायव्हर खाली उतरत नाही, त्याला पुढं जायचं असतं. मी आणि दुकानातला पोरगा बॅगा ओढून घेतो. राखीचा आठवडा असल्यानं बॅगा एरवीपेक्षा जास्त आहेत आणि हलक्याही आहेत. राखीला वजन नसतं, जागा मात्र लागते.

प्रत्येक बॅगेच्या तोंडाला प्लास्टिकचं सील असतं. सीलचा नंबर चलनावरच्या नंबराशी जुळला तरच सही करायची. ड्रायव्हर कितीही घाई करो, सील तुटकं असेल तर पेन खिशातून काढायचं नाही. हरकाऱ्याच्या थैलीला लाखेची मोहोर लागायची तेव्हापासून या धंद्यातला हा पहिला नियम आहे.

मी वाशिमला एका कुरिअर कंपनीची फ्रँचायझी चालवतो. शिवाय तिकिटं जमवतो. गांधी-नेहरूंची, पक्ष्यांची, फुलांची सरकारी तिकिटं जमवणारे पुष्कळ आहेत. माझा शौक वेगळा. ज्यांनी सरकारच्या आधी, सरकारशेजारी किंवा सरकारच्या नाकावर टिच्चून पत्रं वाहिली, त्या खाजगी आणि स्थानिक टपालांची तिकिटं मी गोळा करतो. धंदा आणि शौक एकाच गोत्रातले असल्यानं दिवसभर एकाकडून दुसऱ्याकडं मन जात राहतं.

सकाळी साडेसहा

छाटणी. बॅगा उलट्या करून सगळा माल सतरंजीवर पसरायचा, एकेक पाकीट स्कॅन करायचं आणि एरियाप्रमाणे ढीग लावायचे. पाटणी चौक आणि बाजारपेठ एक, सिव्हिल लाईन आणि लाखाळा दुसरा, आययूडीपी कॉलनी तिसरा, पुसद नाक्याकडचा चौथा. मालेगावची बॅग वाटेतच उतरलेली असते. रिसोड, मंगरुळपीर, मानोरा यांचं इथून पुढं जातं.

रोज एखादं तरी पाकीट वाट चुकून आलेलं निघतं आणि त्यात आपल्या जिल्ह्याच्या गावांचा वाटा मोठा. मालेगाव म्हटलं की साऱ्या महाराष्ट्राला नाशिकचं मालेगाव आठवतं. कारंजा आमचंही आहे आणि वर्धा जिल्ह्यातही आहे. आमच्या मंगरुळाला पीर जोडलेला, अमरावती जिल्ह्यातल्या मंगरुळाला दस्तगीर. पाठवणारा नुसतं ‘मालेगाव’ लिहून मोकळा होतो. मग बघायचा पिनकोड : ४२३२०३ असेल तर नाशिककडचं, ४४४५०३ असेल तर आमचं.

याच घोळावर तोडगा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड सुरू झाला. तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल-तार खात्यातला हा अधिकारी संस्कृतात नाटकं आणि कविता लिहायचा. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून छाटणीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. वाशिम १ जुलै १९९८ला अकोल्यापासून वेगळा जिल्हा झाला, पण पिनकोडात आम्ही अजून ४४४च्याच घरात आहोत आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही.

देशातल्या सगळ्या कुरिअर कंपन्या, ऑनलाइन दुकानं, सगळे या सहा आकड्यांवर चालतात. सरकारी पगारावर काम करणाऱ्या माणसानं पोस्टासाठी केलेली ही सोय आम्ही खाजगीवाल्यांनी फुकटात उचलली. आमच्या जातीचे लोक सरकारी पोस्टाला नावं ठेवतात तेव्हा मला हे आठवतं.

सकाळी आठ

डिलिव्हरीची पोरं येतात. रेनकोट, गाडीला दोन्हीकडं झोळ्या, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत. प्रत्येकाची रनशीट निघते. पगार नगावर, त्यामुळं दाट वस्तीचा एरिया मिळावा म्हणून रोज थोडी कुरबुर होतेच.

शहर सोपं आहे. ‘बालाजी मंदिराजवळ, वाशिम’ एवढ्या पत्त्यावरही माणूस सापडतो. तालुक्याची ठिकाणंही जमतात. खरी अडचण त्यापुढची. मानोरा तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावरचा पत्ता आला की स्क्रीनवर तीन अक्षरं उमटतात : ओडीए. म्हणजे हे गाव आमच्या डिलिव्हरीच्या हद्दीबाहेर. मग फोन.

“भाऊ, तुमचं पार्सल आलं. मानोऱ्याले येऊन घेऊन जासान का?”

“आज नाई जमत दादा, फवारणी चालू हाये. तुमीच आणून द्या ना.”

“तिकडं आमचा माणूस येत नाई.”

“पोस्टमन तं येते ना बाप्पा!”

यावर माझ्याकडं उत्तर नसतं. ग्रामीण डाक सेवक खरंच जातो. सायकलवर जातो, चिखलातून जातो, एका कार्डासाठीही जातो. आमच्या हिशेबात ते बसत नाही.

रशियात याच्या उलट घडलं होतं. तिथं झारचं सरकारी टपाल जिल्ह्याच्या गावाशी येऊन थांबायचं. १८६४च्या सुधारणेत झेम्स्त्वो नावाच्या स्थानिक संस्था आल्या. त्यांनी स्वतःचे घोडे, स्वतःची माणसं लावून खेड्यापाड्यांपर्यंत पत्रं न्यायला सुरुवात केली आणि १८६५पासून स्वतःची तिकिटंही छापली. दीडशेहून जास्त जिल्ह्यांची अशी तिकिटं निघाली. सरकारची अट एकच, तिकीट सरकारी तिकिटासारखं दिसता कामा नये. मग काय, कुणी अस्वल छापलं, कुणी कणसं, कुणी गावाचं बोधचिन्ह. क्रांती होईपर्यंत, १९१७पर्यंत हे चाललं. जिथं सरकार जात नाही तिथं जाणारं हे स्थानिक टपाल होतं. आम्ही जातो ते सरकार आधीच पोचलेलं असतं तिथं, फक्त थोडं लवकर.

सकाळी दहा

काउंटर उघडतं. आज रांग बायकांची. पुणे, छत्रपती संभाजीनगर, सुरत, हैदराबाद. एक मावशी पाकीट पुढं करतात.

“आत काय आहे मावशी?”

“राखी हाये, कुंकू हाये, अन् भावाले चिठ्ठी.”

मी पावतीवर ‘डॉक्युमेंट’ असं लिहितो. यात एक गंमत आहे, ती सांगायलाच हवी.

भारतात मोबदला घेऊन पत्र वाहण्याचा हक्क सरकारनं १८३७च्या कायद्यानं आपल्याकडं घेतला. त्याआधी सावकारांची, व्यापाऱ्यांची खाजगी डाक चालायची, ती कंपनी सरकारच्या मुलखात बेकायदा ठरली. १८५४ला नवा कायदा आला आणि १ ऑक्टोबर १८५४पासून कंपनीच्या साऱ्या मुलखाला एक तिकीट, एक दर लागू झाला. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की कलकत्त्याला. पुढं १८९८च्या पोस्ट ऑफिस कायद्याच्या चौथ्या कलमातही ही मक्तेदारी कायम राहिली. सूट होती ती वाटसरू स्नेह्यानं फुकट नेलेल्या पत्राला, मुद्दाम धाडलेल्या जासुदाला आणि मालाबरोबर जाणाऱ्या मालाच्या चिठ्ठीला.

म्हणजे १९८०नंतर देशात कुरिअर कंपन्या आल्या, ब्लू डार्ट १९८३ची, डीटीडीसी १९९०ची, तेव्हा कायद्यानं कुणालाच पत्र वाहता येत नव्हतं! धंद्यानं त्यावर साधी युक्ती काढली. पत्राला पत्र म्हणायचंच नाही, कागदपत्र म्हणायचं. सगळ्यांना ठाऊक होतं, सगळे गप्प होते. मावशींच्या भावाची चिठ्ठी त्याच नावानं वर्षानुवर्षं गेली.

नवा पोस्ट ऑफिस कायदा २०२३ला मंजूर झाला आणि १८ जून २०२४पासून लागू झाला. त्यानं १८७ वर्षांची ती मक्तेदारी उठवली. आता मी उघडपणे पत्र वाहू शकतो. सवयीनं हात अजून ‘डॉक्युमेंट’च लिहितो. एक हक्क मात्र नव्या कायद्यातही सरकारनं स्वतःकडंच ठेवला आहे, तो म्हणजे टपाल तिकीट छापण्याचा. माझ्यासारख्या छांदिष्टाला नेमकं तेच लागलं. उद्या वाशिमच्या एखाद्या कुरिअरवाल्याला वत्सगुल्मच्या, म्हणजे जुन्या वाशिमच्याच, वाकाटकांचं चित्र टाकून स्वतःचं तिकीट काढावंसं वाटलं, तर ते नुसतं लेबल राहील.

दुपारी बारा

बाजार समितीजवळचे एक अडते स्वतः येतात. बंद पाकीट, अकोल्याच्या पेढीला, उद्या सकाळी पोचलंच पाहिजे. फोटो काढून मोबाईलवर पाठवता येणार नाही असे कागद अजूनही असतात : चेक, सह्यांचे मूळ करार, मालाचे नमुने. मी ‘पोचेल’ म्हणतो. ते तरीही दोनदा विचारतात.

व्यापाऱ्याची ही घाई फार जुनी आहे. १४ जानेवारी १७६१ला पानिपत झालं. पेशव्यांकडं त्या काळी जासूद होते, सांडणीस्वार होते, जागोजागी जोड्या बसवलेल्या होत्या. तरी नानासाहेबांच्या हाती पराभवाची वार्ता लागली ती एका सावकाराच्या खाजगी डाकेतून. पत्र औरंगाबादच्या पेढीला चाललं होतं. इतिहासकार ग्रँट डफ सांगतो, ते नेणाऱ्या कासदानं, म्हणजे निरोप्यानं, नवव्या दिवशी औरंगाबाद गाठायचं असा करार होता. नानासाहेब उत्तरेकडं कुमक घेऊन निघालेले, वाटेत त्यांच्या लोकांनी कासद अडवला, पत्र फोडलं. आत लढाईचा शब्दही नव्हता. मोती, मोहरा, रुपये, खुर्दा यांच्या तोट्याचा हिशेब होता. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब हे ओळखायला कुणाला वेळ लागला नाही.

शाळेत हा प्रसंग करुण म्हणून शिकवतात. मला त्यात धंदा दिसतो. साऱ्या दौलतीची डाकव्यवस्था विस्कटली असताना एका पेढीचा माणूस ठरल्या दिवशी ठरल्या गावी पोचायला निघाला होता, आणि त्याच्या पत्रात उघड वाचता येईल असं काही नव्हतं. वेग आणि गुप्तता, कुरिअरची जाहिरात आजही यापलीकडं जात नाही. पण त्या कासदाचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

अडते पावती घडी करून बंडीच्या खिशात ठेवतात आणि जाता जाता तिसऱ्यांदा विचारतात.

दुपारी दीड

हिंगोलीचं एक पार्सल बुक होतं. मुलगी दिली आहे तिकडं, तिच्यासाठी औषधं. आई विचारते, “आज संध्याकाळी भेटन ना? पन्नासेक किलोमीटर तं हाये.”

खरं सांगावं लागतं की परवा मिळेल. आमची बॅग आधी उत्तरेला अकोल्याला जाणार, तिथून मोठ्या केंद्रावर, तिथून मराठवाड्याच्या बॅगेत पडून हिंगोलीला. वाशिम एका सर्कलमध्ये, हिंगोली दुसऱ्या. मध्ये पैनगंगा. बाई कपाळाला हात लावतात. त्यांना सांगत नाही, पण वाशिम-हिंगोली टपालाचा हा वळसा दीडशे वर्षांचा तरी आहे.

१८५३ला निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. पैनगंगेच्या अलीकडं इंग्रजी अंमल, पलीकडं निजामी. पुढं वाशिम जिल्ह्याचं ठिकाण झालं, इंग्रजी कागदांत ‘बासिम’. १९०५ला तो जिल्हा मोडला आणि वाशिम अकोल्यात गेलं. कागदोपत्री मालकी निजामाकडंच राहिलेली, ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असंच नाव होतं. पण टपाल इंग्रजांचं. पलीकडं निजामाचं टपाल वेगळं, आणि १८६९पासून त्याची तिकिटंही वेगळी. म्हणजे वाशिम ज्याच्या नावावर, त्याचंच तिकीट वाशिमात चालत नव्हतं!

हिंदुस्थानात अशी पुष्कळ संस्थानी टपालं होती, संग्राहक त्यांना मांडलिक संस्थानांची तिकिटं म्हणतात. सुरुवात १८६४ला जुनागढच्या सोरठ टपालानं केली. या तिकिटांचा अंमल संस्थानाच्या हद्दीपुरता. हद्द ओलांडायची तर इंग्रजी तिकीट लावायलाच हवं. हिंगोलीतल्या माणसानं नुसतं निजामाचं तिकीट लावून वाशिमच्या मामाला पत्र टाकलं, तर पैनगंगेच्या अलीकडं ते बिनतिकिटाचं ठरणार आणि दंड मामाच्या माथी. त्यात हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या फौजेची छावणी. छावणीत इंग्रजी टपाल, गावात निजामी. शहाणा माणूस कुणाला कुठं लिहायचं त्याप्रमाणे टपाल निवडत असणार. पैसाही दोन जातींचा, निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार. तिकिटाची किंमत आणा म्हणून सारखी वाटली तरी ते आणे एक नव्हते.

माझ्या वहीत निजामाची १९३१ची मालिका आहे आणि माझ्या संग्रहातलं मला सर्वांत आवडणारं पान तेच. एक आण्यावर चारमिनार, दोन आण्यांवर हायकोर्ट, चार आण्यांवर उस्मानसागर. आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचं दार, बारा आण्यांवर बीदरचा मदरसा, रुपयावर दौलताबादचा चांदमिनार. किंमत उर्दू, इंग्रजी, तेलुगू आणि मराठीत. आपली मराठी एका राज्याच्या तिकिटावर अधिकृतपणे बसली ती मुंबई किंवा नागपूरच्या इंग्रजी राज्यात नाही, निजामाच्या राज्यात. हे अनेकांना पटत नाही, मग वही उघडून दाखवावी लागते.

१७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद भारतात आलं. टपाल मात्र लगेच आलं नाही. निजामी टपाल भारतीय टपालात मिसळलं ते १ एप्रिल १९५०ला. पोलीस ॲक्शननंतर दीड वर्ष पैनगंगेवरची टपालाची हद्द तशीच होती. हिंगोलीच्या रस्त्याला नदीपलीकडच्या कनेरगावाच्या नावात ‘नाका’ अजून टिकून आहे.

बाईंना शेवटी सांगतो, “ताई, औषध असं तं एसटीच्या पार्सलात टाका, आजच जाईन.” स्वतःचं गिऱ्हाईक घालवलं, पण त्या औषधाला परवापर्यंत थांबवणं बरं नव्हतं.

दुपारी अडीच

भाकर, पिठलं, मिरचीचा ठेचा. पाऊस असला की या वेळी गिऱ्हाईक नसतं. वही काढतो.

खाजगी टपालाचा जगातला इतिहास एकसारखा आहे, गावं तेवढी बदलतात. लंडनमध्ये १६८०ला विल्यम डॉकरा यानं एका पेनीत शहरभर पत्र पोचवायला सुरुवात केली. जागोजागी पत्रं घेणारी दुकानं, दिवसातून अनेक वेळा वाटप, आणि पैसे आधीच भरल्याचा तिकोनी शिक्का. सरकारी टपालाला तोवर शहरातल्या शहरात वाटपाची कल्पनाच सुचली नव्हती. टपालाचं उत्पन्न राजाच्या भावाला जायचं, त्यानं खटला भरला. १६८२ला पेनी पोस्ट सरकारी झाली आणि तशीच चालू राहिली. न्यूयॉर्कमध्ये १ फेब्रुवारी १८४२ला अलेक्झांडर ग्रेगच्या सिटी डिस्पॅच पोस्टनं वॉशिंग्टनचं चित्र असलेलं तीन सेंटचं तिकीट काढलं. अमेरिकेतलं ते पहिलं चिकटतिकीट. ऑगस्टमध्ये सरकारनं ती संस्थाच विकत घेतली, आणि सरकारची स्वतःची देशभराची तिकिटं आली ती १८४७ला. जर्मनीत १८८६पासून शहरोशहरी खाजगी टपालं निघाली, सरकारपेक्षा स्वस्त, रंगीबेरंगी तिकिटांची. १९००ला कायद्यानं सगळी एका दिवशी बंद. ऑक्सफर्डच्या कीबल कॉलेजनं १८७१ला आपल्या निरोप्यांसाठी तिकीट काढलं, तर पोस्ट खात्याला तेही खपलं नाही.

आपल्याकडं नमुना थोडा वेगळा. आशियातलं पहिलं टपाल तिकीट, सिंध डाक, १ जुलै १८५२ला निघालं ते एका सरकारी अधिकाऱ्याच्या हौसेनं. सिंध त्या काळी मुंबई इलाख्यात होतं आणि तिथला कमिशनर बार्टल फ्रेअर, जो पुढं मुंबईचा गव्हर्नर झाला. अर्धा आणा किंमत, लाखेच्या वड्यांवर आणि कागदावर उठवलेला कंपनीचा शिक्का, आणि चलन फक्त सिंधपुरतं. सव्वादोन वर्षांनी देशभराची तिकिटं आली आणि ते बाद झालं. माझ्याकडं त्याचं फक्त चित्र आहे.

डॉकरापासून ग्रेगपर्यंत गोष्ट तीच. सरकारला जे परवडणार नाही असं वाटतं, ते कुणीतरी आपल्या पैशानं करून दाखवतो, मग सरकार ते काढून घेतं. आपल्याकडंही कुरिअरवाले शहरांत धावू लागले आणि १ ऑगस्ट १९८६ला पोस्टानं स्पीड पोस्ट काढली. २०२५मध्ये तर रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झाली. माझं मत विचाराल तर यात रडण्यासारखं काही नाही. वाट एकदा पडली की ती सगळ्यांचीच झाली पाहिजे.

जाता जाता एक सावधगिरीची सूचना. स्थानिक टपालांची तिकिटं घेताना दहादा बघा. यांच्यामागं सरकार नसल्यानं नकल करणाऱ्याला भीती नव्हती. बोस्टनच्या सॅम्युअल ॲलन टेलरनं तर एकोणिसाव्या शतकात खोट्या स्थानिक तिकिटांचा कारखानाच चालवला. कधीच न चाललेल्या टपालांचीही तिकिटं त्यानं छापली, आणि आता त्याच्या नकलाच जमवणारे लोक आहेत.

दुपारी चार

पाऊस थांबला. एसटी स्टँडवर एक फेरी असते, दूरच्या गावच्या एकदोघांना त्यांची पाकिटं तिथंच द्यायची ठरलेली. ते बसनं येतात, घेतात, त्याच बसनं परततात.

बिनतिकिटाचं एक मोठं खाजगी टपाल या स्टँडवर चालत होतं. १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली आणि पुढं गावोगाव पोचली, तेव्हा लोकांनी तिला आपोआप टपाल करून टाकलं. तालुक्याला शिकणाऱ्या पोराचा डबा सकाळच्या गाडीनं यायचा. डब्याला कापड बांधलेलं, त्यात भाकरी, आणि भाकरीखाली कधी पाच रुपये, कधी चिठ्ठी. ड्रायव्हरच्या सीटमागं असे डबे रांगेनं ठेवलेले असायचे. पोरं स्टँडवर उभी राहायची, झाकणावरचं नाव वाचून आपापला डबा उचलायची. पावती नाही, सही नाही. १८९८च्या कायद्यातली ‘वाटसरू स्नेह्यानं फुकट नेलेलं पत्र’ ही सूट त्या डब्याखालच्या चिठ्ठीइतकी चपखल दुसऱ्या कशालाच लागू पडली नसेल. आता गावोगाव खानावळी, मेस, मोबाईलवर पैसे. डबे जवळजवळ बंद झाले.

कारंजाकडं रेल्वेची अशीच कहाणी. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची शकुंतला. इंग्रज कंपनीनं कापूस बाहेर न्यायला बांधली आणि स्वातंत्र्यानंतरही रुळांची मालकी खाजगीच राहिली. तीही आता थांबली आहे.

संध्याकाळी साडेसहा

बुकिंग बंद. दिवसभराचा माल वजन करून, मॅनिफेस्टवर चढवून बॅगेत. पोरं परत येतात, न दिलेली पाकिटं टेबलावर टाकतात : ‘घर बंद’, ‘फोन लागत नाही’, ‘माणूस गावी गेला’. तीन खेपांनंतर ते पाठवणाऱ्याकडं परत. राखी मात्र परत पाठवायला हात धजत नाही. सणाच्या संध्याकाळपर्यंत पोरं ती पुन्हा पुन्हा घेऊन जातात, नगाचे पैसे एकदाच मिळत असूनही.

सह्यांचे कागद पूर्वी वर्षभर जपून ठेवायचो. आता गिऱ्हाईक मोबाईलच्या काचेवर बोटानं सही करतो. पावती निघते ती थर्मल कागदावर. ती उन्हात ठेवली तर महिन्यांत आणि कपाटात ठेवली तरी काही वर्षांत कोरी होते. डॉकराचा तिकोनी शिक्का साडेतीनशे वर्षांनी वाचता येतो, माझी २०२२ची पावती वाचता येत नाही. तिकीट छापण्याचा हक्क नाही आणि पावती टिकत नाही, म्हणजे भारतातल्या कुरिअरच्या चाळीस वर्षांचा कागदी पुरावा आमच्या डोळ्यांदेखत पुसला जातो आहे. कंपन्यांना त्याचं सोयरसुतक नाही, त्यांचा हिशेब सर्व्हरवर असतो आणि तोही ठराविक मुदतीनंतर पुसतात.

रात्री आठ

गाडी येते. सील, नंबर, ड्रायव्हरची सही. सकाळी त्यानं दिलं, रात्री मी देतो. अडत्यांचं पाकीट त्यात आहे, मावशींची राखीही. शटर ओढायच्या आधी उद्याची रनशीट आणि उरलेल्या राख्यांची यादी भिंतीला लावतो.

पैनगंगेच्या दोन्ही काठांवर सोयरिकी असलेली घरं वाशिम, रिसोड, हिंगोली, सेनगाव भागात हजारोंनी आहेत. त्यांच्या ट्रंकांत १९५०च्या आधीची पत्रं असतील, कुठं निजामाचं तिकीट, कुठं इंग्रजी, आणि नशीब असेल तर एकाच पाकिटावर दोन्ही. अशी पाकिटं सापडली तर माझी विनंती एवढीच. तिकीट कापून काढू नका. सुटं तिकीट पाचपन्नास रुपयांचं, पण तारखेचे शिक्के आणि पत्ता असलेलं अख्खं पाकीट हा टपाल कुठून कसं गेलं त्याचा एकमेव पुरावा असतो. जुन्या खाजगी मोटारींच्या, एसटी पार्सलच्या, कुरिअरच्या पावत्याही फेकू नका. थर्मल पावतीचा फोटो आजच काढून ठेवा. पाकिटावर कुणी कुणाला लिहिलं ते वेगळ्या कागदावर पेन्सिलीनं नोंदवा, सेलोटेप लावू नका आणि कुणी कितीही सांगितलं तरी लॅमिनेशन करू नका.